मागच्या फाटकाची बिजागरी

"सांग, आज काय लपवलंस? वेणी होईस्तोवर सांगशील ते माफ. रिबीन बांधली की मग मी ऐकायची नाही."

आईचा हा आवाज पन्नास वर्षांपूर्वीचा, आणि तो नेहमी पाठीमागून येतो. तिचं तोंड तेव्हा मला दिसायचंच नाही. दोन गुडघ्यांमध्ये मला बसवून ती केस विंचरायची. समोर असायची खिडकी, जमिनीवर पडलेला उन्हाचा चौकोन, आणि त्या चौकोनातून वाट काढणारी एखादी मुंगी. मी मुंगीला सांगावं तसं सांगायची. कप फुटला तो मी फोडला. दादाच्या पेनचं टोक मी वाकवलं. फणी क्षणभर थांबायची, पुन्हा चालू व्हायची. "हं," एवढंच आई म्हणायची, आणि त्या एका हुंकारात कप, पेन, सगळं बुडून जायचं. मग ती आपलं गाणं पुढं ओढायची. कुणाकडून ऐकलेलं नव्हतं ते, तिचं तिनंच जुळवलेलं:

केसातला गुंता बाई, फणीला गं सापडतो,
मनातला गुंता बाई, गप्प राहून वाढतो.

एकदाच मी गप्प राहिले. दिव्याची काच माझ्या हातून गेली होती आणि थप्पड दादानं खाल्ली होती. वेणी होत आली, रिबिनीचं फूल होत आलं, मुंगी चौकोनाबाहेर निघून गेली, तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढं आई गेली. दादा शाळेत गणित शिकवून शिकवून निवृत्त झाला. ती काच मात्र राहिली आहे, दातात अडकलेल्या तंतूसारखी. रोज जिभेला लागते.

हे सगळं मंगळवारी सकाळी बसथांब्यावर आठवलं, आणि आठवायला कारण झाली समोरची भिंत. भिंतीवर एका माणसाचा चेहरा चिकटवला होता, दारापेक्षा मोठा. खळ अजून ओली होती, डाव्या कानावरून ओघळत होती. वर लिहिलं होतं, "याला कुणी मारलं? मंत्र्यांनी उत्तर द्यावं." रस्त्याच्या पलीकडच्या भिंतीवर तोच चेहरा, तोच फोटो, आणि वर लिहिलेलं, "हुतात्म्याच्या रक्तावर राजकारण नको." दोन पक्ष, दोन भिंती, मधून बस. मी आधी नाव वाचलं, त्यानं काही झालं नाही. मग नावाखालचा हुद्दा वाचला, वकिलातीचं गाव वाचलं, आणि मी थांब्याच्या बाकावर बसून राहिले. बस आली, लोक चढले, बस गेली. अकरा वर्षं ज्याच्याशी मी रोज सकाळी फोनवर बोलले, त्याचा चेहरा मी पहिल्यांदा बघत होते. फोनवर त्याला नाव नव्हतं, सात नंबर एवढंच; आणि माझ्या मनातला सात नंबर उंच होता, सडपातळ, चष्म्याचा. हा गोल तोंडाचा, टक्कल पडत आलेला, आणि कान कपाच्या कानासारखे बाहेर आलेले. इतके मोठे कान. त्या कानांनी तो माझं बोलणं ऐकायचा, हे मनात आलं आणि मला हसू येऊ घातलं. ते हसू कुठं ठेवावं कळेना.

पेपरात एकोणीस दिवस त्या वकिलातीची जळकी इमारत येत होती, नऊ नावांची यादी येत होती. मी यादीपर्यंत जायची आणि पान उलटायची. घरात टीव्ही लागला की मी स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, चेहरा पाहिला नाही तर तो अजून नुसता आवाज आहे, आणि आवाजाला कोण कशानं मारणार?

आमचं काम सांगायला सोपं आहे. परक्या देशांतल्या आमच्या बारा वकिलाती रोज सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान फोन करतात. मी ऐकते, कच्च्या वहीत पेन्सिलीनं उतरवते, आणि साडेअकरापर्यंत त्या सगळ्याचा एक पानाचा गोषवारा टाइप करून वर पाठवते. वर म्हणजे चौथ्या मजल्यावर, हिरव्या फायलीतून थेट मंत्र्यांच्या टेबलावर. पान एकच, ओळी बावीस. हा नियम माझ्या आधीच्या हेडबाईंचा. "बाविसाव्या ओळीला मंत्र्याची मान वळते," त्या म्हणायच्या, "तेविसावी ओळ म्हणजे रद्दी." दुसरा नियमही त्यांचाच: जी मागणी तीनदा लिहून झाली, ती चौथ्यांदा लिहायची नाही. तीनदा लिहिलं म्हणजे वर कळलेलं आहे, कुठंतरी फाइल चालू लागलेली आहे. चौथ्यांदा लिहिलं की ते रडगाणं. आणि तिसरा, की फोनवर कुणी नाव सांगायचं नाही. वकिलातींना नंबर, मला ताई. महिनाअखेरीला कच्ची वही कागद कातरायच्या यंत्रात. एकतीस वर्षं मी हे नियम देवघरातल्या दिव्यासारखे सांभाळले. नव्या मुलींना शिकवताना तर अभिमानानं शिकवले. आता वाटतं, त्या तीन नियमांत एकाही माणसाला जागा नव्हती.

दहा वाजून दहा मिनिटांनी सात नंबर यायचा. घड्याळ लावावं असा. आधी लाइनवर घूं घूं व्हायचं, जशी दूर कुठंतरी गिरणी चालू आहे, आणि त्यातून तो वर यायचा. "ताई, सात नंबर. वारा आहे इकडे, जरा मोठ्यानं बोला." पहिल्या दिवशी हेच म्हणाला होता, अकरा वर्षांपूर्वी. मग ते आमचं रोजचं झालं. वारा नसला तरी म्हणायचा. कामाचं सांगून झालं की कधी हळूच, "ताई, नियमाबाहेरचं एक सांगू? आईला फोन करा ना, पत्र टाकलंय म्हणावं. इथून लागत नाही." मी करायची. फोन शेजाऱ्यांकडं, मग पायऱ्या उतरून येणाऱ्या सपातांचा आवाज, मग धाप लागलेली म्हातारी: "कोण, ऑफिसातल्या ताई का? बरा आहे ना तो? जेवतो ना?" "जेवतो," मी सांगायची, जसं काही रोज मीच वाढत होते. "तुमच्या ओळखीत असेल एखादी मुलगी तर बघा," ती म्हणायची, "चाळिशी आली त्याची. कानांकडं बघू नका म्हणावं, मनानं चांगला आहे." तेव्हा मला ते कान कळले नव्हते.

आणि मग ती बिजागरी. एका सोमवारी त्यानं सांगितलं की वकिलातीच्या मागच्या फाटकाची खालची बिजागरी गेली आहे. फाटक खाली बसतं, अडसर खोबणीत जात नाही. लोहाराचं अर्ध्या दिवसाचं काम, पण इमारत भाड्याची, तेव्हा भिंतीला हात लावायचा तर मंजुरी इथून हवी. मी लिहिलं. पुढच्या सोमवारी लिहिलं. त्याच्या पुढच्या सोमवारी लिहिलं, अगदी ठळक. चौथ्या सोमवारी तो म्हणाला, "लिहू नका, तुमचा तीनचा नियम मला ठाऊक आहे. पण आमच्या बिजागरीबाईंची तब्येत कळवणं माझं काम. बाई आज फार कण्हल्या." मी हसले. तोही हसला. कच्च्या वहीत मी लिहिलं, "७, बिजागरी," आणि गोषवाऱ्यात काही नाही. मग दर सोमवारी आम्ही त्या बाईचं हवापाणी विचारू लागलो. "बाईंना वाताचा त्रास आहे." "बाई रुसल्या, आज बोलल्याच नाहीत." "बाईंना माहेरी पाठवा म्हणतात." इतकं गोड चाललं होतं ते. माझी टेबलाजवळची मैत्रीण म्हणायची, सोमवारी तुझा चेहरा बघावा. आणि खरंच, आठवड्यातली ती एक गंमत मी रविवारपासून राखून ठेवायची. मला कुणी विचारलं असतं की ती मागणी आहे की विनोद, तर मी क्षणभर थांबून विनोद म्हटलं असतं. इथंच माझी चूक झाली. आणि ही चूक अशी की ती करताना हात कापत नाही, छातीत धडधडत नाही, उलट चहा जास्त गोड लागतो.

त्या गुरुवारी दहा दहाला लाइन आली नाही. सव्वादहाला मी लावली. घंटा वाजत राहिली. मी मोजत होते, का मोजत होते कोण जाणे; चाळीसच्या पुढं सोडून दिलं. अकराला साहेबांच्या खोलीतून कुणीतरी धावत गेलं. हल्लेखोर मागच्या फाटकातून आले होते. नुसतं ढकलून.

भिंतीवर तो चेहरा पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, साहेबांनी मला आत बोलावलं. आमचे साहेब वाईट माणूस नाहीत. मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि चहावाला गेल्यावर दार स्वतः उठून लावलं. "ताई, मागच्या महिन्याची कच्ची वही गेली ना यंत्रात?"

मी म्हणाले, "नियम तसा आहे."

"तेच. मी विचारत नाही, खात्री करून घेतोय." त्यांनी चमचा बशीत ठेवला, उचलला, परत ठेवला. "मंत्री सभागृहात बोललेत की शेवटच्या आठ आठवड्यांत तिकडून मागणी आली नव्हती. गोषवाऱ्यात नाही, म्हणजे नाहीच. सोमवारी चौकशी समितीनं तुम्हाला बोलावलंय. तुम्ही खोटं काही बोलू नका. मी कधीच तसं सांगणार नाही. त्या आठ आठवड्यांचे गोषवारे वाचून दाखवा आणि या."

"आणि ते विचारतील की तोंडी काही म्हणाला होता का?"

"नाही विचारणार. आमच्या लोकांना ते विचारायचं नाही, आणि विरोधकांना वाटतंय कागद मंत्र्यांनी दाबला. त्यांना मंत्री हवाय, तुम्ही नाही." मग अगदी हळू, जसं आजारी माणसाला सांगावं, "दोन वर्षं राहिलीत ना तुमची?"

चहा तसाच राहिला. वही यंत्रात गेली नव्हती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा महिनाअखेरीला मी ती पिशवीत घालून घरी आणली होती आणि साड्यांच्या घडीत ठेवली होती. कशासाठी, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कातरायला उभी राहिले होते, यंत्र घरघरत होतं, अगदी त्याच्या लाइनसारखं, आणि हात पुढं गेला नाही, एवढंच. जिन्यावरून उतरताना साहेबांचं वाक्य माझ्या पायांत येत होतं. खोटं न बोलता. एवढी मोठी गोष्ट खोटं न बोलता लपवता येते, ही सोय कुणी करून ठेवली? मीच तर ती रोज बावीस ओळींत करून देत आले.

घरी आले तर दादा आणि वरचे काका बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले. वीस वर्षांचा हा रोजचा डाव. दादा विरोधकांचा, काका सरकारचे. पूर्वी त्यावरून चेष्टा चालायची आणि प्यादी हलत राहायची. हल्ला झाल्यापासून पट मांडला जातो, पण डाव पुढं जात नाही.

"तुमच्या मंत्र्याला झोप कशी लागते हो?" दादा म्हणाला.

"आणि पहारेकरी निम्मे केले ते कुणाच्या राजवटीत? कागद आहे माझ्याकडं."

"कागद तुमच्याकडं नेहमीच असतो. वाचता येत नाही, ही अडचण."

"माझं वाचन राहू दे, तुमचा वजीर बघा. तीन दिवस मार खायला उभा आहे."

"नऊ माणसं गेलीत," वहिनी आतून म्हणाली, "आणि तुम्ही दोघं खेळाच्या मैदानात गुण मोजल्यासारखे बसलाय."

काका जरा वरमले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नाही, पण वहिनी, खरं ते खरं. राजदूत रजेवर होते. सगळा कारभार त्या फोनवाल्याच्या हातात. फाटक मोडलंय, आणि आठ आठवडे त्यानं एक शब्द कळवू नये? गेलेल्या माणसाविषयी बोलू नये म्हणतात..."

"मग बोलू नका ना," मी म्हणाले.

दोघांनी वळून पाहिलं. मी पिशवी खुंटीला अडकवत होते आणि ती अडकत नव्हती. काका उठले, उद्या येतो म्हणाले, आणि जिना चढून गेले. दादा मागोमाग माझ्या खोलीच्या दारात आला. साठीनंतरही मला छोटीच म्हणतो. "छोटे, तू तिथंच बसतेस. तुझ्या कानावर काही आलं असेल, तर सांग. एक ओळ पुरे. सोमवारच्या आत आमचे लोक हलवून सोडतील सगळ्यांना."

त्याच्या डोळ्यांत लकाकी होती. मला भीती वाटली ती त्या लकाकीची. वही मी आता काढून दिली असती तर त्याला किती आनंद झाला असता. मात द्यायची खेळी सापडल्यावर होतो तसा. आणि दोन दिवसांत बिजागरीबाई भिंतीवर चढल्या असत्या, दारापेक्षा मोठ्या अक्षरांत, त्या कानांच्या शेजारी. मंत्र्यांनी दाबलं, असं छापलं असतं. मंत्र्यांनी दाबलं नव्हतं. त्या आठ आठवड्यांतलं काही त्यांच्यापर्यंत गेलंच नव्हतं. एक पक्ष म्हणतो मागितलं नाही, दुसरा म्हणतो मागितलं ते वरच्यांनी लपवलं, आणि दोघांच्या मध्ये एक पेन्सिल आडवी पडली आहे, ती कुणालाच दिसत नाही, कारण तिनं दोघांनाही काही मिळत नाही. दादाच्या उजव्या गालाकडं मी बघत राहिले. खुरट्या पांढऱ्या दाढीखाली पाच बोटं कधीच विरून गेली असतील. "काही नाही रे," मी म्हणाले. दुसऱ्यांदा.

ते तीन दिवस कसे गेले सांगता येत नाही. गेले. मी गोषवारे केले. सात नंबरची ओळ आता रिकामी होती, तरी हात तिथं एक रेघ जागा सोडायचा. साहेब भेटले की मान हलवायचे. समितीपुढं काय बोलायचं याची चिंता मला खरं तर राहिली नव्हती. ते कधीतरी बसमध्येच ठरून गेलं होतं, वही घेऊन जायची, पान उघडायचं. नोकरी जाईल, जाऊ दे. पण समितीतून ते पेपरात येईल, पेपरातून शेजाऱ्यांकडं, आणि शेजारी सपाता वाजवत जिना चढतील आणि त्या म्हातारीला वाचून दाखवतील. हे मला सोसवेना. तेवीस दिवस झाले, चोवीस झाले, मी तिला एक फोन केला नव्हता. अकरा वर्षं जो आवाज तिला "तो बरा आहे" म्हणत होता, तो नेमका त्या दिवसापासून मुका झाला होता. तिनं काय समजायचं?

रविवारी दुपारी मी गेले. वही पिशवीत होती. त्यानं कधीतरी फोन नंबराबरोबर दिलेला पत्ता मला पाठ होता, जिना मात्र पहिल्यांदाच चढत होते, आणि फोनवर ऐकून ऐकून मला त्या पायऱ्या ठाऊक झाल्या होत्या. सोळा, मग वळण, मग सात. दार उघडंच होतं. एक खोली, एक खाट, कोपऱ्यात पाण्याचं पिंप, आणि खाटेवर बसलेली लहानशी बाई, उजवा हात गळ्यात बांधलेला.

"कोण आहे?" ती म्हणाली, माझ्याकडं बघूनही. ओळख दिसली नाही. कशी दिसणार?

"मी," मी म्हणाले. "मुलगा... मी ऑफिसातून..."

"ताई," ती म्हणाली. तिनं डोळे मिटून घेतले, जणू मिटल्यावरच मी तिला नीट दिसणार होते. "बोला, बोला. किती दिवसांनी आवाज आला."

मी खाटेच्या कडेला बसले. समोरच्या भिंतीवर त्याचे दोन फोटो होते, तोच चेहरा, दोन वेगळ्या चौकटी, दोन्हीवर हार. तिनं माझी नजर हेरली. "दोन्ही पक्षांचे लोक येऊन गेले. आधी हे, मग ते. दोघांनी एकच फोटो आणला. एकाचा लावला तर दुसऱ्यांना राग यायचा, म्हणून दोन्ही लावले. आता बघते तर दोन लेक गेल्यासारखं वाटतं." ती जराशी हसली. "सही मागत होते कशावर तरी. हात मोडलाय म्हटलं. मोडलाच होता, त्या दिवशी बातमी ऐकून पडले तेव्हा. बरं झालं एका परीनं."

तिनं मोकळ्या हातानं डोकं खाजवलं. केस पांढरे, विरळ, आणि मागे त्यांचा नुसता गठ्ठा झालेला. "एका हातानं विंचरता येत नाही. शेजारीण म्हणते कापून टाका, मेला गुंता. पण त्याला आवडायचे नाहीत कापलेले. लहान असताना झोपताना शेपटा मुठीत धरायचा."

फणी कोनाड्यात होती. मी उठून घेतली. "बसा इकडे पाठ करून," मी म्हणाले, आणि ती निमूटपणे वळली, जशी लहान मुलगी वळते. मी तिच्या मागं बसले. कुणाच्या मागं मी कधी अशी बसले नव्हते. मला मूल नाही, भाची नाही. तेल लावून एक एक बट सोडवू लागले. टोकाकडून सुरुवात करायची, मुळाशी ओढ द्यायची नाही, हे हातांना कुणी शिकवलं होतं ते हातांनाच आठवत होतं. खिडकीतून ऊन आलं होतं, जमिनीवर चौकोन पडला होता. मुंगी नव्हती. मी शोधली.

"एक विचारू?" ती म्हणाली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं. "फाटकाचं त्याच्याकडे होतं म्हणे. मंत्री बोलले. वाचून दाखवलं मला. आठ आठवडे त्यानं कळवलंच नाही, हयगय केली, असं लिहिलंय. ताई, तो सहा वर्षांचा होता तेव्हापासून दाराची कडी बघायला तीनदा उठायचा. मी ओरडायची, अरे लागलीय, नीज आता. आणि हेच विसरला? इतका बदलला तिकडं जाऊन? मी रोज हेच घोकते. तो गेला ते गेला. पण त्याच्यामुळं बाकीचे आठ गेले का, एवढं मला कुणी सांगत नाही."

फणी थांबली. गुंता आता जवळजवळ सुटला होता, एकच गाठ राहिली होती मानेजवळ. मी ती बोटांनी सोडवली. मग तीन पेड घेतले. उजवा मधल्यावर, डावा मधल्यावर. केस इतके थोडे होते की वेणी बोटाएवढी होणार होती, लवकर होणार होती.

"तो विसरला नव्हता," मी म्हणाले.

तिची पाठ ताठ झाली.

"दर सोमवारी सांगायचा. अकरा सोमवार. हसवत सांगायचा, पण सांगायचा. मला. दुसऱ्या कुणाला सांगायची वाटच नव्हती, मीच वाट होते. मी तीनदा वर लिहून पाठवलं. मग नाही. आमच्याकडं तीनच्या पुढं लिहीत नाहीत. उद्या समितीपुढं हे सगळं सांगणार आहे, वही आहे माझ्याकडं, त्यात त्याची ओळ आहे. कुणी काही छापू दे. पण आधी तुम्हाला."

खाली रस्त्यावरून कर्णा लावलेली गाडी गेली, कुणाची होती कळलं नाही, शब्द खिडकीपर्यंत येईतो फाटून गेले होते. उजवा मधल्यावर. डावा मधल्यावर. तिच्या मांडीवर तिनं काळा दोरा धरून ठेवला होता, वेणीच्या टोकाला बांधायला. मी हात पुढं केला, आणि तिनं तो दिला नाही. मुठीत घट्ट धरून बसली.

"अजून आहे," ती म्हणाली. "आहे ना?"

वेणीचं टोक माझ्या चिमटीत होतं. सोडलं असतं तर सगळं उलगडलं असतं. पुढं चौकोनातलं ऊन खाटेच्या पायाशी आलं होतं.

"शेवटच्या सोमवारी तो हसला नाही," मी म्हणाले. "म्हणाला, ताई, काल कुणीतरी बाहेरून फाटक हलवून पाहिलं, मी खिडकीतून बघितलं, आज तेवढं लिहाच. मी म्हणाले, लिहिते. टाइप पण केलं. ती तेविसावी ओळ झाली. दुसऱ्या एका वकिलातीत मेजवानी होती, तिथं किती पाहुणे आले त्याची ओळ होती वर. मी ती ठेवली आणि त्याची काढली. मी लिहिते म्हणाले होते, आई. तो माझ्यावर विसंबून फोन ठेवून गेला. आणि मी लिहिलं नाही."